चौथी आज्ञा की पाचवी? ल्यूथरच्या वाटेने ख्रिस्ती सिद्धांत वाचताना

अबोली

शेजारच्या कॅथलिक आंटींच्या नातीची पहिल्या कोम्युनियनची, म्हणजे पहिल्या प्रभुभोजनाची, तयारी चालू आहे. रविवारी मिस्सानंतर तिचा दोतोर्नाचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, वर्ग असतो आणि घरी आली की ती बल्कांवात, पुढच्या पडवीत, बसून पाठांतर करते. माझी लेक तिच्याच वयाची, तीही जाऊन बसते. मागच्या महिन्यात दोघी दहा आज्ञा म्हणत होत्या आणि 'आपल्या आईबापांचा मान राख' इथे जुंपली. आंटींची नात म्हणे चौथी, आमची म्हणे पाचवी. माझ्या लेकीला नगरच्या आजीने शिकवलेलं, आजी चुकली हे ऐकून घ्यायला ती तयार नव्हती. दोघी माझ्याकडे न्याय मागायला आल्या आणि मला उत्तर देता आलं नाही.

आमचं माहेर नगरचं, मराठी मिशनमधलं, म्हणजे प्रोटेस्टंट. चार पिढ्या ख्रिस्ती. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे मडगावला आले. लहानपणापासून 'पाचवी' म्हणत आले, पण पाचवी का, हे कधी विचारलं नव्हतं.

शोधलं तेव्हा कळलं की बायबलमधल्या निर्गमच्या विसाव्या अध्यायात आज्ञांवर आकडे घातलेलेच नाहीत. आज्ञा दहा आहेत एवढं पवित्र शास्त्र दुसरीकडे सांगतं. कुठे तोडायच्या ते वाचणाऱ्यांनी ठरवलं. आमच्याकडे 'मूर्ती करू नको' ही वेगळी दुसरी आज्ञा धरतात, म्हणून पुढच्या सगळ्या एकेक घर सरकतात आणि लोभाची शेवटची एकच राहते. कॅथलिक मंडळी संत ऑगस्टीनची मोजणी पाळतात. त्यांच्याकडे मूर्तीचा विषय पहिल्या आज्ञेतच येतो आणि लोभाच्या दोन आज्ञा होतात. आणि मार्टिन ल्यूथर, सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक, ज्याच्यापासून आम्ही प्रोटेस्टंट स्वतःची गोष्ट सुरू करतो, तोही आंटींच्या नातीसारखाच मोजतो. त्याच्या छोट्या प्रश्नोत्तरीत आईबापांची आज्ञा चौथीच आहे.

ती छोटी प्रश्नोत्तरी, म्हणजे स्मॉल कॅटेकिझम, मी इंग्रजीतून त्या रात्री वाचून काढली. एका बैठकीत संपते. १५२८ मध्ये ल्यूथर सॅक्सनीतल्या गावोगावच्या मंडळ्यांची पाहणी करत हिंडला. लोकांना प्रभूची प्रार्थनासुद्धा येत नाही, आणि कित्येक पाळकांनाही शिकवता येत नाही, हे बघून तो हादरला. १५२९ मध्ये त्याने हे लिहिलं. आधी भिंतीवर लावायच्या तक्त्यांसारखं छापलं होतं, घरच्या कर्त्याने मुलांना आणि गडीमाणसांना शिकवावं म्हणून. प्रत्येक आज्ञेनंतर, प्रार्थनेच्या प्रत्येक ओळीनंतर एकच प्रश्न येतो: याचा अर्थ काय? दहा आज्ञा, विश्वासांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारा क्रीड), प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, पापकबुली, प्रभुभोजन. बस, एवढंच.

आता खरं कारण सांगते, ज्यासाठी हा धागा काढला. पप्पा गेल्या वर्षी गेले. शेवटच्या दिवसांत ते सारखे एकच विचारायचे, "माझा विश्वास पुरेसा आहे का गं?" आयुष्यभर उपासना चुकवली नाही त्या माणसाने. मी म्हणायची, "पप्पा, तुमचा विश्वास खूप मोठा आहे." त्यांना त्याने बरं वाटत नसे. ते डोळे मिटून आत बघायचे आणि आत त्यांना काही दिसायचं नाही.

त्या रात्री मी विश्वासांगीकाराच्या तिसऱ्या भागावरचं ल्यूथरचं उत्तर वाचलं. पवित्र आत्म्याबद्दलचा भाग. तो म्हणतो, माझा विश्वास आहे की मी स्वतःच्या बुद्धीने किंवा बळाने येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवू शकत नाही; पवित्र आत्म्याने मला शुभवर्तमानातून हाक मारली. मी ते चार वेळा वाचलं. विश्वास ठेवता येत नाही यावर विश्वास! पप्पांच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं, आणि मी त्यांना उलट्या दिशेला पाठवत होते. मोठ्या प्रश्नोत्तरीत बाप्तिस्म्यावर लिहिताना तो सांगतो की मन खायला उठलं की म्हणावं, पण माझा बाप्तिस्मा झालेला आहे. आत काय वाटतंय ते तपासत बसू नका. बाहेर, तुमच्यावर, पाण्याने आणि वचनाने जे घडून गेलं आहे ते धरा. पप्पांचा बाप्तिस्मा ते तान्हे असताना झाला होता. मंडळीच्या दप्तरात नोंद आहे. तेवढं म्हणायला हवं होतं मी.

मला ल्यूथरन व्हायचं नाही. पण या नजरेतून सगळा सिद्धांत पुन्हा, पहिल्यापासून शिकायचा आहे. पुढे काय वाचावं? कुणी या वाटेने गेलं आहे का? गोव्यातले कुणी असतील तर फारच छान.

दर्याकांठ

अबोलीताई, मी गोव्यातल्या रायचा, कॅथलिक. शाळा गिरगावात झाली म्हणून मराठीत लिहितो, चुका पोटात घाला. पप्पांबद्दल वाचून गलबललो. आमच्याकडेही म्हातारी माणसं शेवटी घाबरतात, फक्त त्यांचा प्रश्न वेगळा असतो. माझी आजी विचारायची, "माझ्या पापांचा हिशेब मिटला असेल का रे?"

मी ल्यूथरकडे संगीतातून आलो. चर्चच्या गायनवृंदात व्हायोलिन वाजवतो. आमचे मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, जर्मन संगीतकार बाखचं वाजवायला लावत, आणि बाख पक्का ल्यूथरन होता हे मला पंचविशीनंतर कळलं. हस्तलिखितांच्या शेवटी तो तीन अक्षरं लिहायचा, अर्थ असा की महिमा एकट्या देवाचा. मी आजही त्याचं वाजवताना ते आठवतो.

एक विनंती. ल्यूथर शिकताना '१५१७ मध्ये दारावर पंचाण्णव मुद्दे, आणि तेव्हापासून कॅथलिक एकीकडे, आम्ही दुसरीकडे' एवढ्यावर थांबू नका. ३१ ऑक्टोबर १९९९ ला, जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात, ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथलिक चर्च यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या आहेत. माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, याच एका विषयावर. त्यात दोघांनी मिळून म्हटलं आहे की केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने, आपल्या कुठल्याही पुण्याईमुळे नव्हे, देव आपल्याला स्वीकारतो. सोळाव्या शतकात एकमेकांना दिलेले शाप या समजुतीला लागू पडत नाहीत, असंही आहे. २००६ मध्ये मेथडिस्टही त्यात आले. माझ्या आजीला हे कुणी वाचून दाखवलं असतं तर!

आणि याकोबाचं पत्र विसरू नका. कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे, हेही शास्त्रच आहे.

कुळागर

मी फोंड्याचा, ख्रिस्ती नाही. घरात पंढरीची वारी. पण धागा वाचून राहवलं नाही.

अबोलीताईंच्या पप्पांचा प्रश्न आमच्याकडे जुना आहे. वैष्णवांत एक वाद आहे, माकडीच्या पिलाचा आणि मांजरीच्या पिलाचा. माकडीचं पिल्लू आईच्या पोटाला घट्ट धरून ठेवतं. हात सुटला तर पडेल. मांजरीचं पिल्लू काही करत नाही, आई त्याला मानगुटीला धरून नेते. दक्षिणेत रामानुजांच्या परंपरेत यावरून दोन शाखा झाल्या, वडकलै आणि तेंकलै. तुमचा ल्यूथर मला मांजरीच्या बाजूचा वाटतो. पप्पा माकडीचं पिल्लू होऊन पकड किती घट्ट आहे ते तपासत होते.

रुडॉल्फ ओटो नावाच्या जर्मन ल्यूथरन अभ्यासकाने याच साम्यावर १९३० मध्ये एक पुस्तक लिहिलं होतं, भारतातल्या कृपेच्या धर्माबद्दल. कॉलेजात असताना एका सरांमुळे त्याची ओळख झाली. साम्य त्याने प्रेमाने दाखवलं आहे. मग फरक कुठे आहे तेही सांगितलं आहे, आणि तो फरक त्याला अपराधाच्या जाणिवेत दिसतो. माझा प्रश्न त्यावरच आहे. मांजर नेतेच आहे तर ल्यूथर आधी दहा आज्ञा कशाला शिकवतो? प्रश्नोत्तरी कृपेपासून का सुरू होत नाही?

अबोली

कुळागर, मांजरीचं पिल्लू लेकीला सांगितलं, तिला फार आवडलं. प्रश्न अवघड आहे. जाणकार येईपर्यंत थांबते.

दर्याकांठ, जाहीरनामा शोधून वाचला. आंटींनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "असां? आमकां कोणें सांगूंक ना."

ओसरी

पुण्याहून. सेमिनरीत शिकलो आहे, सध्या मंडळीत शिकवतो. कुळागर यांचा प्रश्न म्हणजे ल्यूथरन अभ्यासाचं दारच आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ल्यूथर शास्त्रातल्या देवाच्या बोलण्याचे दोन प्रकार करतो: नियमशास्त्र आणि शुभवर्तमान. नियमशास्त्र सांगतं, हे कर. शुभवर्तमान सांगतं, हे तुझ्यासाठी केलं गेलं आहे. जुना करार म्हणजे नियम आणि नवा करार म्हणजे शुभवर्तमान, अशी वाटणी तो करत नाही. यशयात शुभवर्तमान भरपूर आहे आणि डोंगरावरच्या प्रवचनात नियम इतका कडक आहे की ऐकणाऱ्याचा घसा कोरडा पडावा. एकच वाक्य एकाला नियम होतं, दुसऱ्याला शुभवर्तमान. 'मी परमेश्वर तुझा देव आहे' हे पळणाऱ्याला धाक वाटेल, थकलेल्याला आसरा.

आता क्रम. आज्ञा आधी, कारण आजार कळल्याशिवाय माणूस औषध घेत नाही. ही उपमा ल्यूथरनेच वापरली आहे: आज्ञा रोग दाखवतात, विश्वासांगीकार औषध कुठे आहे ते दाखवतो, प्रार्थना ते कसं मागायचं ते शिकवते. मांजरीने उचललंय हे पिलाला कळायला आपण आपल्या पायांनी निघालो नव्हतो हे आधी कळावं लागतं. अपराधाच्या जाणिवेत फरक आहे हे ओटोचं म्हणणं इथे येऊन बसतं.

पाळकाचं कौशल्य म्हणजे समोरच्याला या क्षणी काय हवं आहे ते ओळखणं. गर्विष्ठाला शुभवर्तमान सांगितलं तर तो सुस्तावतो, आणि पिचलेल्याला नियम सांगितला तर तो मोडतो. अबोलीताईंच्या वडिलांना 'तुमचा विश्वास मोठा आहे' हे सांगणं म्हणजे प्रेमापोटी का होईना, नियमच होता. 'विश्वास मोठा असायला हवा' हे त्यात दडलेलं होतं. त्यांनी ते बरोबर ऐकलं.

दुसरी गोष्ट मराठीची. पौलाच्या रोमकरांस पत्रात आपल्या भाषांतरात 'नीतिमान ठरवणे' आहे. या 'ठरवणे'वर मी वर्गात अख्खा तास घालवतो. लॅटिन शब्दाची फोड केली तर 'नीतिमान करणे' असा अर्थ निघतो आणि मध्ययुगातल्या विचारावर त्याची छाया आहे: कृपा आत ओतली जाते, माणूस हळूहळू नीतिमान होत जातो. पौलाचा ग्रीक शब्द न्यायालयातला आहे, न्यायाधीश निकाल देतो तसा. ल्यूथरन म्हणतात, देव आधी ठरवतो, तेही ख्रिस्ताच्या नीतिमत्तेवरून. बदल त्याच्यामागून येतो. म्हणून त्यांचं प्रसिद्ध सूत्र: माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी. बरा होत चाललेला रोगी, पण वैद्याच्या शब्दावर आजच बरा म्हणून मोजलेला. कॅथलिक शिकवणीत ठरणं आणि होणं वेगळं काढत नाहीत. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये तसंच लिहिलं. १९९९ च्या जाहीरनाम्यात दोघांनी एकमेकांचं म्हणणं ओळखलं, पण हा सूर अजून वेगळा आहे आणि तो पुसून टाकू नये. सगळ्या ल्यूथरन मंडळ्यांनी सह्या केल्या नाहीत, हेही दर्याकांठ यांच्यासाठी नोंदवतो. अमेरिकेतली मिसुरी सिनड या फेडरेशनमध्येच नाही.

याकोबाबद्दल: ल्यूथरने १५२२ च्या प्रस्तावनेत त्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं, आणि मला तो निवाडा चुकीचा वाटतो. पण रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत तोच म्हणतो की विश्वास ही जिवंत, कामसू गोष्ट आहे, ती सत्कर्मं करायची का असं विचारत बसत नाही, विचारायच्या आत करून मोकळी होते. कर्म मुळाशी ठेवू नका, फांदीवर येऊ द्या.

काय वाचावं: छोटी प्रश्नोत्तरी झाली आहे, मग ऑग्सबर्ग कन्फेशन, ल्यूथरनांचं आपल्या विश्वासाचं निवेदन. २५ जून १५३० रोजी सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर वाचलं गेलं. लिहिलं ल्यूथरचा सहकारी मेलांक्थोनने, ल्यूथर बहिष्कृत असल्यामुळे तिथे जाऊ शकला नव्हता. अठ्ठावीस कलमं, त्यातली पहिली एकवीस शिकवणीची. चौथं कलम सगळ्याचा कणा, आणि एवढंसं आहे. त्यानंतर मोठी प्रश्नोत्तरी, मग ल्यूथरचं १५२० चं ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावरचं छोटं पुस्तक. बुक ऑफ कॉन्कॉर्ड, ल्यूथरनांच्या अधिकृत लेखांचा १५८० चा तो पूर्ण ग्रंथ, एकदम उघडू नका. फॉर्म्युला ऑफ कॉन्कॉर्ड हा त्यातला भाग १५७७ चा आहे, आणि ल्यूथरनंतर त्याच्याच लोकांत झालेली भांडणं मिटवायला लिहिलेला आहे. भांडणं माहीत नसताना वाचला तर रुक्ष वाटतो.

सालवन

+१ ओसरी. माझं बालपण रांचीत गेलं, वडील नोकरीनिमित्त तिथे होते. शेजारी सगळे मुंडा आणि उरांव कुटुंबांतले, गोस्सनर चर्चचे. बर्लिनच्या गोस्सनर मिशनचे चौघे २ नोव्हेंबर १८४५ ला रांचीला पोचले. उरांवांतले पहिले बाप्तिस्मे व्हायला १८५० उजाडलं. १९१९ मध्ये ती मंडळी स्वायत्त झाली. ल्यूथरन म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर जर्मनी येतच नाही. साल वृक्षाखाली मांदर वाजवत गाणाऱ्या बायका येतात. अबोलीताई, पुस्तकं वाचाच, पण ही शिकवण आपल्याच देशात, रांचीकडे, पावणेदोनशे वर्षं जगली जात आहे हेही लक्षात असू द्या.

शेवंती

वाचनखूण साठवली. एक शंका आहे: प्रभुभोजनाबद्दल ल्यूथर काय म्हणतो? आमच्या मंडळीत ते स्मरण म्हणून करतात.

अबोली

शेवंती, मला याचंच सर्वांत नवल वाटतंय, कारण मीही स्मरणवालीच.

१५२९ च्या ऑक्टोबरात मारबुर्गला ल्यूथर आणि झ्यूरिकचा झ्विंगली समोरासमोर बसले. पंधरा मुद्दे होते. चौदांवर एकमत झालं, पंधरावा प्रभुभोजनाचा, त्यातही बरंच जुळलं. एका जागी अडलं: 'हे माझे शरीर आहे' यातलं 'आहे' म्हणजे आहे, की दर्शवतं? झ्विंगली म्हणे दर्शवतं. ल्यूथरने टेबलावर खडूने लॅटिन वाक्य लिहून ठेवलं होतं, आणि ते सोडून तो हलेना. त्याच्या लोकांची शिकवण अशी की भाकरी भाकरीच राहते आणि तिच्यात, तिच्यासह, तिच्याखाली ख्रिस्ताचं शरीर खरोखर दिलं जातं. कॅथलिक म्हणतात भाकरीचं द्रव्यच बदलतं, ते ल्यूथरला मान्य नाही. पण 'खरोखर' यावर तो आंटींच्या बाजूला उभा आहे आणि मी पलीकडे.

आधी मला याचा राग आला. एवढं मोठं बंड करून पुन्हा तिथेच? मग पप्पांची आठवण आली आणि वाटलं, हे बाप्तिस्म्याच्याच रांगेतलं आहे. स्मरण मी करते. माझं स्मरण कधी खोल असतं, कधी संध्याकाळच्या स्वयंपाकात अडकलेलं. पण दिलेलं आहे म्हटलं की ते माझ्या लक्ष लागण्या-न लागण्यावर उरत नाही. 'तुमच्यासाठी दिलेले' या दोन शब्दांवर प्रश्नोत्तरी केवढा भर देते! 'तुमच्यासाठी' ऐकून ज्याचा विश्वास बसतो तो लायक, एवढीच अट. पप्पा आजारपणात प्रभुभोजन घ्यायला कचरायचे, आपण लायक नाही म्हणून. मी अजून माझ्या मंडळीची शिकवण सोडलेली नाही. पण आता हात पुढे करताना आपण काही घ्यायला आलोय असं वाटतं.

माणगंगा

मला या धाग्यातला भाविकपणा खटकतोय असं नाही, पण दोन गोष्टी कुणीच बोललेलं नाही. १५२५ मध्ये जर्मन शेतकरी उठले तेव्हा ल्यूथरने राजेरजवाड्यांना त्यांना कापून काढायला सांगितलं. १५४३ मध्ये यहुद्यांची सभास्थानं जाळा म्हणून लिहिलं, आणि नाझींनी ते वापरलं. अशा माणसाच्या चष्म्यातून देव का बघायचा?

ओसरी

माणगंगा, दोन्ही खरं आहे. सौम्य करून सांगण्यासारखं त्यात काही नाही. १९८४ मध्ये ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशनने आणि १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या ल्यूथरन मंडळीने ते यहूदीद्वेष्टं लिखाण जाहीरपणे नाकारलं आहे. ल्यूथरन माणसाला ल्यूथरचं सगळं मानायचं बंधन नसतं. तो बांधलेला असतो बुक ऑफ कॉन्कॉर्डमधल्या लेखांना, आणि १५४३ चं ते पुस्तक त्यात नाही. पण एवढ्यावर सुटका करून घेऊ नये. कृपेबद्दल इतकं स्वच्छ लिहिणारा हात असं लिहू शकतो, हे शिकवताना मी दरवर्षी सांगतो, आणि वर्गात बराच वेळ शांतता असते.

कुळागर

ओसरी, आज्ञा आधी का, याचं उत्तर पटलं. आमच्याकडे तुकोबा स्वतःला पतित म्हणतात आणि त्याच तोंडाने विठ्ठलावर हक्क सांगतात. 'एकाच वेळी नीतिमान आणि पापी' हे मला त्या वाटेने कळतं, जरी तुमचं न्यायालय आमच्याकडे नाही. आमच्याकडे माहेर आहे.

इथे एक माहिती जोडतो. भारतातले पहिले ल्यूथरन मिशनरी, त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युत्शाउ, ९ जुलै १७०६ ला तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीला उतरले, डेन्मार्कच्या राजाने पाठवलेले. त्सीगेनबाल्ग मुलांबरोबर वाळूत अक्षरं गिरवत तमिळ शिकला. तिथल्याच डॅनिश अधिकाऱ्याने त्याला चार महिने कोंडलं. तमिळ नवा करार १७१५ मध्ये छापून झाला. त्याने दक्षिणेतल्या देवदेवतांवर तपशिलाने ग्रंथ लिहिला, १७१३ मध्ये हस्तलिखित जर्मनीत हाल्लेला पाठवलं, तर तिथल्या वरिष्ठांनी छापायला नकार दिला: तुला तिकडे हा धर्म घालवायला पाठवलं, युरोपात पसरवायला नव्हे. छापायला १८६७ उजाडलं. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. ज्यांना शिकवायचं त्यांचं आधी नीट ऐकून घेतलं त्याने.

दर्याकांठ

कुळागर, छपाईचा विषय काढलात तर आमचं राशोल माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. १५५६ मध्ये गोव्यात भारतातला पहिला छापखाना आला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट (एका कॅथलिक संघाचा पाद्री) १५७९ मध्ये इथे पोचला, आणि त्याचं मराठी ओव्यांतलं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं, रोमन लिपीत. त्याचीच कोंकणी दोतोर्न तो वारल्यावर १६२२ मध्ये निघाली, तीही प्रश्नोत्तरांची. म्हणजे अबोलीताई, तुमच्या लेकीची मैत्रीण जे पाठ करते त्याचं मूळ इथलंच आहे, आणि ख्रिस्ती सिद्धांत मराठीत सांगायची पहिली मोठी खटपटही याच सासष्टीत झाली. स्टीफन्स जेझुइट, ल्यूथरच्या विरुद्ध गोटातला. पण घरातल्या लेकराला त्याच्या भाषेत शिकवावं, हे दोघांनाही वाटलं.

अबोलीताईंना एक प्रश्न. संतांचं काय करणार? तुमच्या आंटी तर नोव्हेन, म्हणजे संताच्या सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, चुकवणाऱ्यांतल्या नसतील.

अबोली

दर्याकांठ, नाहीतच. ओल्ड गोव्याला सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, नोव्हेनाला पहाटे चालत जाणाऱ्यांतल्या आहेत.

ऑग्सबर्ग कन्फेशनची पहिली पाच कलमं वाचून झाली. ओसरींनी सांगितल्याप्रमाणे चौथ्यावर थांबले. वहीत मराठीत उतरवून काढलं: माणसं आपल्या बळाने, पुण्याईने किंवा कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरू शकत नाहीत, तर ख्रिस्तामुळे, विश्वासाने, फुकट ठरवली जातात. 'फुकट' लिहिताना हात अडखळला, मग तोच शब्द ठेवला. पाचवं कलम त्याला लागूनच येतं आणि ते मला अनपेक्षित होतं: हा विश्वास मिळावा म्हणून देवाने वचन सांगण्याची आणि संस्कार देण्याची सेवा नेमली. विश्वास कुठून आणायचा हे पप्पांनी विचारलं असतं तर बोट दाखवायला एक जागा आहे. कुणीतरी येऊन मोठ्याने सांगायचं असतं. आता आईशी फोनवर बोलताना मी हे करते. तिलाही रात्री भीती वाटते. मी तिला धीर धर म्हणत नाही, वचन वाचून दाखवते आणि तुझ्यासाठी आहे म्हणते.

काल दोघी मुली आणि आंटी, सगळ्या बल्कांवात होतो. लाइट गेलेली. प्रभूच्या प्रार्थनेतली चौथी विनंती काढली. आमच्याकडे 'आमची रोजची भाकर', त्यांच्याकडे 'आमचो दिसपट्टो गिरास'. मी ल्यूथरचा प्रश्न विचारला, याचा अर्थ काय? मुलींनी आधी पाव, शीतकडी, नुस्तें सांगितलं. मग मी त्याची यादी वाचली: अन्न, पाणी, कपडे, जोडे, घर, शेत, गुरं, पैसा, भला जोडीदार, भली मुलं, चांगलं सरकार, चांगलं पाऊसपाणी, शांती, आरोग्य, अब्रू, चांगले मित्र, विश्वासू शेजारी. 'शेजारी' ऐकून आंटींनी तेवढंच पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाल्या, हे आमच्या पाद्रींनी सांगितल्यासारखंच आहे.

संतांचं एकविसावं कलम मी उडी मारून बघून घेतलंय. त्यांची आठवण ठेवा, त्यांच्या विश्वासातून आणि कर्मांतून शिका म्हणतं, पण मदत त्यांच्याकडे मागू नका म्हणतं, कारण मध्यस्थ एकच. आंटींना ते बोचणार, आणि मला त्यांच्याशी खोटं बोलायचं नाही. त्यांनी स्वतःच विचारलंय की पुढे काय लिहिलंय. नोव्हेनाच्या आधी वाचायचं की नंतर, ते त्यांनाच ठरवू देते. तोपर्यंत सहावं कलम, सत्कर्मांचं. ओसरी, रविवारी शंका घेऊन येईन.